ठेवणीतले कपडे, फॉर्मल आणि पारंपरिक पोशाख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस महत्त्वाचा की कपडे? मग एवढं नटायचं कशाला?

माणूसच महत्त्वाचा, आणि नटायचं ते त्या माणसासाठीच. कुणीतरी महिनोन्महिने खपून एक दिवस उभा केलेला असतो, लग्न असेल, पदवीदान असेल, कुणाचा पंच्याहत्तरावा वाढदिवस असेल, आणि आपण रोजच्याच टीशर्टात जाऊन उभे राहिलो तर तोंडाने कितीही अभिनंदन केलं तरी अंगावरचे कपडे काहीतरी वेगळंच सांगत असतात. त्यासाठी महागडं काही लागत नाही. धुऊन इस्त्री केलेला शर्ट, विंचरलेले केस, पुसलेले बूट, बास, एवढ्यावर समोरच्याला कळतं की हा घरातून निघताना आपला विचार करून निघालाय.

आपल्या स्वतःवरही कपड्यांचा परिणाम होतो का, यावर अभ्यास झालेत. 2012 मध्ये अमेरिकेत हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोघांनी लोकांना पांढरा कोट घालायला देऊन लक्ष किती टिकतं ते तपासलं, आणि तो डॉक्टरचा कोट आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांचं काम रंगाऱ्याचा कोट आहे असं सांगितलेल्यांपेक्षा चांगलं झालं. पुढे दुसऱ्यांनी त्यातलाच एक प्रयोग परत करून बघितला तर तसा रिझल्ट आला नाही, त्यामुळे त्याच्यावर फार मोठी इमारत बांधू नका. पण ठेवणीतला कोट अंगात चढवल्यावर पाठ आपोआप ताठ होते हे ज्याने घातलाय त्याला ठाऊक असतंच.

इन्व्हिटेशनवर ब्लॅक टाय, व्हाइट टाय, कॉकटेल, स्मार्ट कॅज्युअल असलं काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचा नेमका अर्थ काय?

व्हाइट टाय सगळ्यात वरचं, म्हणजे मागे शेपटीसारखे दोन लांब पदर असलेला काळा कोट, पांढरं वेस्टकोट आणि पांढरा बो टाय. असं आमंत्रण आयुष्यात एखाद वेळी आलं तर आलं. ब्लॅक टाय म्हणजे काळा किंवा गडद निळा डिनर जॅकेट, त्याची कॉलर चमकदार रेशमी, आत पांढरा शर्ट आणि काळा बो टाय, बायकांसाठी लांब गाऊन किंवा तितक्याच तोलाचं काहीही. कॉकटेल म्हणजे साधा गडद सूट किंवा गुडघ्यापर्यंतचा छान ड्रेस. स्मार्ट कॅज्युअलचा अर्थ दर ठिकाणी बदलतो, तिथे सरळ यजमानांना फोन करून विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही, उलट त्यांना बरंच वाटतं.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. जगभरातल्या बऱ्याच औपचारिक कार्यक्रमांमध्ये ब्लॅक टाय किंवा व्हाइट टायच्या जोडीला 'किंवा राष्ट्रीय पोशाख' असा पर्याय मान्य असतो. स्टॉकहोमला नोबेल समारंभात तर हे अगदी नियमातच आहे. 1968 मध्ये जपानी लेखक यासुनारी कावाबाता जपानी पारंपरिक पोशाखात गेले आणि 1982 मध्ये कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ पांढराशुभ्र लिकी-लिकी घालून, म्हणजे कोलंबिया-व्हेनेझुएलाकडचा बंद गळ्याचा साधा पोशाख. आजूबाजूला सगळे काळे शेपटीवाले कोट आणि मधे हा एक पांढऱ्या कपड्यातला माणूस, फोटो मिळाला तर जरूर बघा. तेव्हा पारंपरिक पोशाख म्हणजे फॉर्मलपेक्षा एक पायरी खाली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं, तो त्याच पायरीवर आहे.

सूट म्हणजेच फॉर्मल हे कुणी ठरवलं?

कुणी एकाने बसून ठरवलं नाही, ते होत होत झालं, आणि फार जुनंही नाही. आज ज्याला आपण साधा सूट म्हणतो तो एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरगुती, गावाकडे फिरायला जाताना घालायचा ढिला कपडा होता, महत्त्वाच्या कामाला तो घालून जाणं म्हणजे अपमान समजला जायचा, तिथे लांब फ्रॉक कोटच लागायचा. डिनर जॅकेटचंही तेच. 1865 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे जो पुढे सातवा एडवर्ड झाला, घरच्या जेवणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आखूड कोट शिवून घेतला असं लंडनच्या सॅव्हिल रो गल्लीतले हेन्री पूल हे टेलर सांगतात. म्हणजे आज आपण ज्याला सगळ्यात कडक कपडे समजतो ते कुणाच्या तरी आरामासाठी शिवलेले होते.

मला यातून एवढंच म्हणायचंय की 'हे फॉर्मल नाही' असं कुणी फार ठासून सांगायला लागलं तर घाबरून जाऊ नका. आजचं कॅज्युअल पन्नास-शंभर वर्षांनी ठेवणीतलं होतं, तसंच होत आलंय.

टाय लावलाच पाहिजे का?

जिथे स्पष्ट सांगितलंय तिथे लावा, नसेल तर आता बहुतेक ठिकाणी चालतं. जपानमध्ये 2005 साली सरकारनेच 'कूल बिझ' मोहीम काढली, उन्हाळ्यात ऑफिसचा एसी 28 डिग्रीवर ठेवायचा आणि त्या बदल्यात टाय-कोटाला सुट्टी. न्यूझीलंडच्या संसदेत फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाचे खासदार राविरी वाइटिटी टायऐवजी गळ्यात हेइ टिकी हा पारंपरिक दागिना घालून आले तर त्यांना सभागृहाबाहेर काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी टायची सक्तीच उठली. इतक्या वर्षांचा नियम एका दिवसात गेला आणि संसद आहे तशीच चालू आहे.

पारंपरिक कपड्यातलं 'अस्सल' कोणतं? आम्ही घालतो ते खरं पारंपरिक नाही असं लोक म्हणतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याने बरीच माणसं उगाच नाराज होऊन पारंपरिक घालायचंच सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

स्कॉटलंडचा किल्ट घ्या, म्हणजे तिथले पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागऱ्यासारखा कपडा. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडखोर हरल्यानंतर ब्रिटिश सरकारने हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली, पुरुषांनी आणि मुलांनी तो घालायचा नाही, पकडले गेले तर तुरुंग. ती बंदी 1782 ला उठली. मधल्या छत्तीस वर्षांत एक अख्खी पिढी तो न घालता मोठी झाली. मग 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा आखला आणि राजाने स्वतः किल्ट घातला, तिथून त्याला अशी काही प्रतिष्ठा आली की ज्या भागात तो कधी घालतच नव्हते तिथलेही लोक मिरवायला लागले. अमक्या घराण्याची अमकीच चौकड्यांची नक्षी ही पक्की वाटणीसुद्धा बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. आता म्हणून स्कॉटिश माणसाचा किल्ट खोटा झाला का? अजिबात नाही. आजोबांनी घातला, बापाने घातला, लग्नात घातला, तो त्याचाच.

व्हिएतनामचा आओ दाय, म्हणजे विजारीवर घालायचा लांब अंगरखा, आज जगभर ओळखला जातो, पण त्याचं अंगासरशी बसणारं रूप 1930 च्या दशकात हनोईच्या गुयेन काट तुओंग या चित्रकाराने पुढे आणलं, त्यावर तेव्हा भरपूर टीका झाली होती. पश्चिम आफ्रिकेतलं ते झगमगीत छापील वॅक्स कापड, जे बघितल्या बघितल्या आपण आफ्रिकन म्हणतो, ते जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल म्हणून नेदरलँड्सच्या गिरण्यांनी छापायला घेतलं होतं. ते आफ्रिकेत पोचलं, तिथल्या बायकांनी त्यातल्या नक्ष्यांना आपली नावं दिली, कुठली नक्षी कधी घालायची ते ठरवलं आणि कापड त्यांचं झालं.

तर अस्सल शोधत मागे मागे गेलात तर कुठे थांबायचं तेच कळणार नाही. मी तरी एवढंच बघते की तो कपडा आज कुणी आपुलकीने घालतंय का.

घरातली मोठी माणसं किंवा जाणकार भर कार्यक्रमात चुका काढतात. काय करावं?

जगात सगळीकडे हे आहे. नॉर्वेत बुनाड नावाचा पारंपरिक पोशाख 17 मेच्या संविधान दिनाला लोक रस्तोरस्ती घालून फिरतात, आणि तो घालताना गॉगल का लावला, भलतेच कानातले का घातले म्हणून टोकणाऱ्यांना तिथे चक्क 'बुनाड पोलीस' म्हणतात. जपानमध्ये 'किमोनो पोलीस' आहेत, ते तर अनोळखी मुलीला भर रस्त्यात थांबवून तिचा कमरपट्टा ओढून सरळ करतात.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला शिका. काही नियमांना खरंच अर्थ असतो. किमोनोत डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी, कारण उजवी वर घेऊन फक्त मृत व्यक्तीला नेसवतात, हे कुणी सांगितलं तर आभार मानून लगेच बदला. पण घडी अर्धा इंच वर गेली, रंग जुळला नाही, पिन दिसतेय, हे सांगायची वेळ कार्यक्रमाच्या मध्यावर नसते. मोठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पहिल्यांदा घालणाऱ्या पोराला त्या दिवशी फक्त 'छान दिसतोस' म्हणा. शिकवायचं असेल तर आदल्या आठवड्यात घरी बोलवून आरशासमोर निवांत शिकवा, तेव्हा त्याला मजाही येते आणि ते लक्षातही राहतं. चारचौघात टोकलेलं मूल पुढच्या वेळी जीन्स घालून येतं, आणि मग आपणच म्हणतो की नव्या पिढीला आवडच नाही.

मुलं पारंपरिक घालायला तयारच नसतात, सक्ती करावी का?

भूतानमध्ये सरकारी कचेऱ्या, शाळा आणि झोंग म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठांमध्ये पुरुषांनी घो आणि बायकांनी किरा हा पारंपरिक पोशाख घालणं सक्तीचं आहे आणि तिथे तो पोशाख रोजच्या वापरात टिकलाय हे खरंच आहे. पण ती देशाची गोष्ट झाली, घरात सक्ती केली की फक्त फोटोपुरतं तोंड वाकडं करून घालतात. माझा अनुभव असा की मुलांना नको असतो तो कपडा नाही, त्यातलं अवघडलेपण नको असतं. टोचतं, घामाघूम होतं, बाथरूमला जाता येत नाही, मोबाईल ठेवायला खिसा नाही, पळता येत नाही. आतून मऊ सुती अस्तर लावून घ्या, शिवणीत खिसा काढून घ्या, बांधायच्या नाड्यांच्या जागी हुक किंवा इलॅस्टिक करून घ्या, आणि रंग त्यांना निवडू द्या. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आणि ज्यांना विशिष्ट कापडाचा स्पर्शच सहन होत नाही अशीही मुलं असतात, मोठी माणसंही असतात, तो हट्ट किंवा नाटक नसतं. त्यांना मऊ, रोजच्या कापडात त्याच रंगाचं काहीतरी द्या आणि विषय संपवा.

दुसऱ्या समाजाचा पारंपरिक पोशाख आपण घातला तर चालतो का?

बहुतेक वेळा चालतो, आणि बोलावलं असेल तर आनंदाने घाला. दक्षिण कोरियात सोलमध्ये हानबोक हा तिथला पारंपरिक पोशाख घालून गेलात तर राजवाड्यांचं तिकीट लागत नाही, परदेशी लोकांनाही नाही, म्हणजे त्यांनाच तो घातलेला बघायला आवडतो. मित्राच्या लग्नात त्याच्या घरच्यांनी त्यांचा पोशाख दिला तर तो घालणं हा त्यांच्या प्रेमाचा मान असतो.

पण काही गोष्टी मिळवाव्या लागतात, त्या नुसत्या शोभेच्या नसतात. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांमध्ये पिसांचा तो मोठा शिरपेच पराक्रम आणि मान मिळवलेल्यांसाठी असतो, तो कुणी पार्टीत गंमत म्हणून घातला की त्यांना लागतं, आणि लागणारच. भूतानमध्ये खांद्यावरच्या काबने नावाच्या उपरण्याचा रंग माणसाच्या पदावर ठरतो, पिवळा राजाचा, साधा नागरिक पांढरा घेतो. तेव्हा घालण्याआधी एकच विचारा, हा कोण घालतं आणि कधी. आणि घातलात तर नीट, जसा घालतात तसा घाला, नक्कल करून हसवायला नको.

लग्नाला पांढरं, दुःखात काळं, हे सगळीकडे असंच असतं का?

नाही. पांढऱ्या गाऊनची फॅशन पसरली ती राणी व्हिक्टोरियाने 1840 मध्ये लग्नात पांढरा सॅटिन घातला तेव्हापासून, त्याआधी युरोपातल्या नवऱ्या मुली जो सगळ्यात चांगला ड्रेस असेल तो घालायच्या, मग तो निळा असो की तपकिरी. चीन आणि कोरियात पांढरा हा परंपरेने शोकाचा रंग, चीनमध्ये लग्नाला लाल. त्यामुळे कुणाच्याही घरी पहिल्यांदा जाताना रंगाचं आधी विचारून घ्या, आणि वधूच्या रंगाशी टक्कर घेऊ नका, हे मात्र कुठेही लागू.

पुरुषांनी नटणं जरा विचित्र दिसत नाही का?

विचित्र का दिसावं? अठराव्या शतकापर्यंत युरोपातले श्रीमंत पुरुष भरतकाम केलेले रेशमी कोट घालायचे, लेस लावायचे, आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे उंच बूट घालायचा, त्याचं चित्र प्रसिद्धच आहे. पुरुषांनी फक्त काळं, करडं आणि निळं घालावं ही समजूत त्यानंतरची. तुम्हाला गुलाबी आवडतो तर गुलाबी घाला, फुलांचा कोट घाला. माझ्या ओळखीतले बरेच पुरुष वर्षानुवर्षं तोच करडा सूट घालतात आणि मनातून मात्र बायकोच्या कपड्यांचे रंग बघत असतात, त्यांनी तर जरूर घालावा.

रेडीमेड कोट नीट बसत नाही, काय काय बदलून घेता येतं?

विकत घेताना फक्त खांदे बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे, ते बदलणं फार किचकट असतं आणि बहुतेक टेलर नकोच म्हणतात. बाकी कंबर आत घेणं, बाही आखूड करणं, पँटची उंची, हे सगळं होतं. बाहीतून शर्टाचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसला की हात कसा रेखीव दिसतो बघा.

मग एक गोष्ट जी दुकानात कुणीच सांगत नाही. नव्या कोटाच्या मागच्या फटीवर फुलीसारखे दोन जाड टाके असतात, ते कपडा नेताना मुडपू नये म्हणून घातलेले असतात, ते घालण्याआधी कापून टाकायचे. बाहीवर कापडाच्या कंपनीची पट्टी शिवलेली असते, तीही उसवायची. बाहेरचे खिसेसुद्धा शिवलेले असतात, ते उघडायचे का नाही तुमच्या मर्जीवर, न उघडल्यास कोट ढिला पडत नाही. मी दर समारंभात फुलीचे टाके तसेच असलेले दोन-तीन कोट तरी बघते आणि जवळचं कुणी असेल तर बाजूला घेऊन हळूच सांगते. आणि समोरचं सगळ्यात खालचं बटण उघडंच ठेवायचं, बसताना सगळी बटणं सोडायची.

जास्त वजन किंवा कमी वजन असणाऱ्यांसाठी: कपडे आजच्या मापाचे घ्या. पुढे बारीक होऊ मग घालू म्हणून घट्ट कपडा ठेवून देऊ नका, समारंभ आज आहे.

बुटांचं काय? हील्स घालाव्या लागतातच का?

लागत नाहीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2017 पासून कामाच्या ठिकाणी हील्सची सक्ती करणंच बेकायदा आहे, मग समारंभात कोण विचारणार. सपाट पण नीटनेटकी चप्पल-बूट कुठेही शोभतात. नवे बूट मात्र कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी आठवडाभर घरात मोजे घालून थोडं थोडं चाला.

सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घ्यायचे असं ठरलंय, पण मला परवडत नाही.

नायजेरियात योरुबा लोकांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर चालतं, त्याला आसो एबी म्हणतात, लग्नात नातेवाईक-मित्र सगळे एकाच कापडात, आणि दिसतंही फार देखणं. पण ज्याला परवडत नाही त्याच्यावर ताण येतो, ही तक्रार तिथेही आहे. स्पष्ट सांगा, 'त्याच रंगाचं माझ्याकडे आहे, ते घालून येतो.' जवळचं माणूस हे ऐकून रागावत नाही. आणि यजमान असाल तर तुम्हीच पहिल्यांदा कापडाऐवजी रंग ठरवा, म्हणजे ज्याला जे जमेल ते तो घालेल आणि फोटोही चांगले येतील.

भाड्याने घेणं, भावंडांत अदलाबदल करणं, कुणाचा तरी जुना कपडा मापाचा करून घेणं, यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. कर्ज काढून कपडे मात्र घेऊ नका हो.

ठेवणीतले कपडे नीट कसे ठेवायचे? वर्षांनी काढले की घडीवर फाटलेले असतात.

हे खरंच वाईट वाटतं. आमच्या घरी एक जुनी रेशमी शाल होती, इतकी जपलेली की कुणी अंगावर घ्यायचीच नाही. ती पेटीतून काढून उलगडली तर घडीच्या प्रत्येक रेषेवर चिरली होती, मधलं कापड मात्र नव्यासारखं, रंग जराही उडालेला नाही. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की तिथले तंतू वाकून वाकून तुटतात, आणि जरीकाम असेल तर आणखी लवकर, कारण धातूचा पत्रा तो, एका जागी दुमडून दुमडून मोडणारच. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशीम जड आणि भारी वाटावं म्हणून त्यात धातूचे क्षार भरायचे, त्या काळातलं रेशीम तर पेटीत नुसतं ठेवलं तरी चिरत जातं.

तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी कपडा बाहेर काढा, सावलीत पसरा, उन्हात नको, आणि घडी बदलून ठेवा, मागच्या वेळी जिथे दुमडला तिथे या वेळी दुमडायचा नाही. घडीच्या आत धुतलेल्या मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवली तर धार येत नाही. जमत असेल तर गोल नळीवर गुंडाळूनच ठेवा. जरीची बाजू आत ठेवा आणि सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा अडकतो आणि बुरशी येते, ड्रायक्लीनवरून आलेलं प्लास्टिकसुद्धा त्याच दिवशी काढून टाका. चांदीच्या जरीजवळ रबरबँड कधीच ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला, आणि खाते ती अळी, उडणारा किडा नाही. घाम किंवा कशाचा डाग राहिलेली जागा तिला जास्त आवडते, म्हणून एकदा घातलेला कपडा साफ न करता पेटीत टाकू नका, वरून स्वच्छ दिसत असला तरी. डांबरगोळ्या वापरत असाल तर पुरचुंडी बांधून कोपऱ्यात, कपड्याला लागू देऊ नका, आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. अत्तर, हेअरस्प्रे, सगळं कपडे घालण्याआधी मारा आणि वाळू द्या, रेशमावर पडलेला अत्तराचा डाग सहजासहजी जात नाही.

तेलाचा डाग पडला तर चोळू नका. टाल्कम पावडर टाका, तासभर राहू द्या, झटका, मग साफ करायला द्या. आणि देताना डाग कशाचा ते सांगा.

पण या सगळ्याच्या वरताण उपाय एकच, घाला. वर्षातून दोन-तीनदा अंगावर घेतलेल्या कपड्याची घडी आपोआप बदलते, हवा लागते, बारीक उसवलेलं वेळेवर दिसतं. योग्य दिवस येईल म्हणून जपून ठेवलेला कपडा पेटीतच संपतो, आणि ज्याने हौसेने घेतला त्याला तो अंगावर कसा दिसला असता ते कधी कळतच नाही.

मी फारच नटून गेलो आणि बाकी सगळे साधे असले तर?

कोट काढा, बाह्या दुमडा, एखादा दागिना पर्समध्ये टाका, झालं. उलट बाजूने म्हणजे साधं जाऊन तिथे भारी होणं फार अवघड असतं, म्हणून शंका असेल तेव्हा एक पायरी वरचं घालून निघा.

तोच ड्रेस परत घातला तर लोक काय म्हणतील? मागच्या कार्यक्रमाचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

बिनधास्त घाला. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, आणि आलंच तर 'हा तुला फार शोभतो' असंच ऐकायला मिळतं. वेगळं वाटावं असं वाटत असेल तर वरचं जॅकेट बदला, दुपट्टा किंवा स्कार्फ दुसरा घ्या, केसांचं काहीतरी वेगळं करा. एखाद्या फॅमिलीत तर एकच कोट तीन भावांनी तीन लग्नांत घातलेला असतो आणि अल्बम बघताना त्यावरूनच सगळ्यात जास्त गप्पा रंगतात. फक्त घालायच्या दोन दिवस आधी बाहेर काढून बटणं, चेन, हुक आणि शिवणी तपासून घ्या, म्हणजे ऐन वेळी सेफ्टी पिनसाठी शेजारी पळावं लागणार नाही.